व्हिडिओ कॉलचं तयार ॲप घेऊ की स्वतःचं बनवून घेऊ? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात आम्ही चौघं मिळून सॉफ्टवेअरची कामं करतो. लॉकडाऊनपासून आजपर्यंत क्लासवाले सर, डॉक्टर, गाणं शिकवणाऱ्या ताई, छोट्या फायनान्स कंपन्या असे कितीतरी जण एकच वाक्य घेऊन आलेत, "आम्हाला आमचं स्वतःचं झूम करून द्या." फोनवर परत परत तेच बोलणं होतं म्हणून सगळे प्रश्न इथे एकत्र लिहून ठेवतोय.

फिरवाफिरव नको, सरळ सांगा. तयार घ्यायचं की बनवून घ्यायचं?

बहुतेकांनी तयार घ्यावं. पण माझं ऐकून ठरवू नका, एक गोष्ट करा. कागदावर लिहा की कॉल लागायच्या आधी काय काय होतं आणि कॉल संपल्यावर काय काय होतं. कॉल स्वतः सगळ्यांचा सारखाच असतो हो, दोन चेहरे आणि आवाज. फरक पडतो तो आधी आणि नंतर.

दहावीच्या क्लासचं बघा. सर व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकतात, चाळीस पोरं येतात, तासभर शिकवून होतं, संपलं. आधी काही नाही, नंतर फार तर रेकॉर्डिंग. इथे स्वतःचं ॲप म्हणजे पैसे पाण्यात. आता डॉक्टरांचं बघा. अपॉइंटमेंट, फी भरली का, जुने रिपोर्ट, पेशंट वेटिंगमध्ये आहे का, मग दहा मिनिटं बोलणं, मग प्रिस्क्रिप्शन, मग ते सगळं पेशंटच्या फाइलला लागलं पाहिजे, पंधरा दिवसांनी पुन्हा बोलवायचंय. रिसेप्शनची मुलगी हे सगळं हाताने पाच वेगवेगळ्या ॲपमध्ये करत असेल आणि रोज दोन पेशंट त्या गोंधळात सुटत असतील तर मात्र बनवून घेण्याचा विचार करायला हरकत नाही.

तयार ॲप फुकटात किती चालतात?

झूमच्या फुकट अकाउंटला १०० लोक आणि ४० मिनिटं. गूगल मीटला पण १०० लोक, तिघं किंवा जास्त असतील तर ६० मिनिटं, दोघंच असाल तर दिवसभर बोला. टीम्सचं पण ६० मिनिटांचंच आहे. व्हॉट्सॲपच्या ग्रुप कॉलमध्ये ३२ जण बसतात. सोसायटीची कमिटी मीटिंग, भिशी, नातेवाईकांचा कॉल, यासाठी एवढं भरपूर.

४० मिनिटांनी कॉल तुटतो म्हणून नवीन ॲप बनवायला निघालेले लोक मी पाहिलेत. अहो, एका पेड अकाउंटचा महिन्याचा खर्च साधारण एका डेव्हलपरच्या एका दिवसाच्या पगारात बसतो. तेवढं भरा आणि शिकवायला लागा.

"बनवून घेणं" म्हणजे नक्की काय काय असतं?

तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक तिन्हींना एकच नाव देतात, तिथेच सगळी गडबड होते.

पहिली म्हणजे ॲप तुमचं, पण कॉलची यंत्रणा दुसऱ्या कंपनीची भाड्याने. अगोरा, ट्विलिओ, व्होनेज वगैरे कंपन्या एसडीके, म्हणजे कॉलचा तयार कोड, देतात, तुमचा डेव्हलपर तो ॲपमध्ये बसवतो, आणि जितकी मिनिटं वापरली तितके पैसे. दुसरी म्हणजे ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला आहे असं, सॉफ्टवेअर आपल्या सर्व्हरवर चढवायचं. जिटसी मीट, लाइव्हकिट, किंवा शिकवण्यासाठी बिगब्लूबटन. बिगब्लूबटन कॅनडातल्या कार्लटन युनिव्हर्सिटीत सुरू झालं, मूडल या ऑनलाइन शिकवण्याच्या सॉफ्टवेअरबरोबर छान जुळतं, फळा आणि ब्रेकआउट रूम (मुलांचे छोटे गट करायची सोय) सगळं आहे त्यात, त्यामुळे कॉलेजवाल्यांना मी आधी तेच बघायला सांगतो. तिसरी म्हणजे अगदी पायापासून स्वतः कोड लिहायचा. ही तिसरी वाट तुमच्यासाठी नाही. मी इतकी वर्षं हे काम करतोय, आमच्याकडे आलेल्या एकालाही तिची गरज नव्हती.

पण वेबआरटीसी फुकट आहे ना? एका मुलाने दोन दिवसांत डेमो करून दाखवला आम्हाला.

वेबआरटीसी म्हणजे ब्राउझरमधूनच व्हिडिओ कॉल करायची टेक्नॉलॉजी. फुकट आहे, खरंय. गूगलने २०१० मध्ये एक कंपनी विकत घेतली, २०११ मध्ये तिची टेक्नॉलॉजी सगळ्यांसाठी खुली केली आणि जानेवारी २०२१ मध्ये ते अधिकृत वेब स्टँडर्ड झालं. कॅमेरा, माइक, इको काढणं, आवाज दाबून पाठवणं, एन्क्रिप्शन (रस्त्यात कोणाला ऐकता येऊ नये म्हणून कुलूप लावून पाठवणं), हे सगळं ब्राउझरमध्येच येतं आता. म्हणून डेमो दोन दिवसांत होतो. तो मुलगा खोटं बोलत नाहीये.

पण डेमो कुठे बघितलात? एकाच ऑफिसमध्ये, एकाच वायफायवर, दोन लॅपटॉप शेजारी ठेवून, बरोबर? आता हेच दहा जणांत करा. साध्या पद्धतीत प्रत्येकाचा फोन बाकी नऊ जणांना वेगवेगळा व्हिडिओ पाठवतो, म्हणजे एकूण ४५ जोडण्या, आणि स्वस्तातला फोन पाच मिनिटांत तापून बसतो. म्हणून मध्ये एक सर्व्हर लागतो, त्याला एसएफयू म्हणतात, प्रत्येकाने एकदाच व्हिडिओ वर पाठवायचा आणि वाटायचं काम सर्व्हरने करायचं. मग मोबाइल नेटवर्क. आपल्याकडे मोबाइल कंपन्या एकाच आयपीमागे खूप ग्राहक ठेवतात, त्यामुळे दोन फोन थेट एकमेकांना सापडतच नाहीत, तिथे दोघांच्या मध्ये बसून कॉल पुढे पाठवणारा टर्न सर्व्हर लागतो. तो नसला की काय होतं माहितीये? ऑफिसात सगळं मस्त चालतं, आणि पेशंटला फक्त काळा स्क्रीन दिसतो. बँकेच्या किंवा आयटी कंपनीच्या नेटवर्कमधून कोणी जॉइन होणार असेल तर तो टर्न ४४३ पोर्टवर, म्हणजे वेबसाइट ज्या वाटेने उघडतात त्याच वाटेवर, पण चालला पाहिजे, नाहीतर त्यांच्या नेटवर्कची राखण करणारा फायरवॉल अडवतो.

पुढे फोनच्या भानगडी. मध्येच साधा फोन आला तर व्हिडिओ कॉलच्या माइकचं काय होतं, ब्लूटूथ इअरफोन काढला तर आवाज स्पीकरवर जातो का कुठेच जात नाही, काही अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवायला मागचं ॲप मारून टाकतात मग येणारा कॉल वाजतच नाही, आयफोनवर कॉलची रिंग वाजवायची पद्धत पूर्ण वेगळी, आणि मोबाइलच्या ब्राउझरमधून स्क्रीन शेअर होतच नाही, त्यासाठी ॲपच लागतं. यातलं एकेक निस्तरायला आठवडा जातो. आणि दरवर्षी अँड्रॉइड आणि आयओएसचं नवीन व्हर्जन आलं की परत एक फेरी.

रेकॉर्डिंगचं तर विचारू नका. जिटसीमध्ये रेकॉर्डिंगसाठी जिब्री नावाचा वेगळा प्रोग्राम असतो, तो लपून एक ब्राउझर उघडतो, मीटिंगमध्ये शिरतो आणि दिसतंय ते रेकॉर्ड करतो. एक जिब्री एका वेळी एकच मीटिंग. एकाच वेळी दहा बॅच रेकॉर्ड करायच्या तर दहा जिब्री. हे कोटेशनमध्ये कोणी लिहीत नाही.

खर्चाचा हिशोब करून दाखवा ना.

दाखवतो, मला हे आवडतं करायला.

क्लास घ्या. एक सर, ४० विद्यार्थी, रोज ६० मिनिटं, महिन्यात २५ दिवस. भाड्याच्या एसडीकेवाले माणसागणिक मिनिटं मोजतात, म्हणजे ४१ गुणिले ६० गुणिले २५, झाली ६१,५०० मिनिटं. हजार मिनिटांना ४ डॉलर धरले तर २४६ डॉलर, वीस हजार रुपयांच्या वर. एका बॅचचे. पाच बॅच असतील तर लाखाच्या पुढे, दर महिन्याला. हेच झूम किंवा मीटच्या पेड अकाउंटवर किती स्वस्त पडतं तुम्हीच बघा, कारण तिथे मिनिटांवर पैसे नाहीत.

आता तेच स्वतःच्या सर्व्हरवर. सरांचा व्हिडिओ १ एमबीपीएस धरा, तासाला ४५० एमबी होतात, ४० मुलांना वाटले की १८ जीबी, महिन्याला ४५० जीबी. मुंबईतल्या क्लाउड सर्व्हरवरून बाहेर जाणाऱ्या डेटाला जीबीमागे ९-१० रुपये पकडा, म्हणजे चार-साडेचार हजार, वर सर्व्हरचं भाडं वेगळं. मिनिटांच्या हिशोबापेक्षा स्वस्त वाटतंय ना? पण मुलांचे कॅमेरे चालू ठेवायचे म्हटले की हा आकडा कित्येक पट होतो, आणि रात्री नऊला सर्व्हर पडला तर फोन कोण उचलणार, त्या माणसाचा पगार यात धरलेलाच नाही.

आणि आता डॉक्टर. दिवसाला १२ पेशंट, प्रत्येकी १५ मिनिटं, कॉलवर दोघं, २५ दिवस. झाली ९,००० मिनिटं. अगोराकडे महिन्याला १०,००० मिनिटं फुकट असतात. म्हणजे व्हिडिओचा खर्च जवळजवळ शून्य! तोच एसडीके, तेच दर, क्लासला परवडत नाही आणि दवाखान्याला फुकट पडतो. म्हणून दुसऱ्याने काय घेतलं ते विचारून उपयोग नाही, आपली मिनिटं मोजा. दर बदलत असतात, तेवढे करार करायच्या दिवशी नवीन बघून घ्या.

मी शास्त्रीय गाणं शिकवते, विद्यार्थी अमेरिकेत आहेत. तानपुरा त्यांना ऐकूच जात नाही. वेगळं ॲप बनवलं तर जमेल का?

ताई, वेगळं ॲप नको, सेटिंग बदला. ही सगळी ॲप बोलण्यासाठी बनवलीयत. एकसारखा चालू असणारा आवाज म्हणजे पंखा किंवा एसी असं समजून ती तो पुसून टाकतात, आणि तानपुरा तर सतत एकसारखाच वाजणार. झूममध्ये ऑडिओच्या सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' आहे, ते चालू करा, आणि मीटिंगमध्ये वर दिसणाऱ्या बटणावरून पण चालू केलंय ना ते बघा. इको काढायचं बंद करणार असाल तर दोन्हीकडे तारेचे इअरफोन हवेतच, नाहीतर आवाज घुमेल. तानपुरा विद्यार्थ्याने आपल्याकडेच ॲपवर लावला तर अजून सोपं.

एकत्र गाता येत नाही, उशीर होतो, ही तक्रार मात्र कोणतंच ॲप सोडवू शकणार नाही, आणि कोणी "आम्ही करून देतो" म्हणालं तर पैसे देऊ नका. पुणे ते न्यू जर्सी सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास आहे, फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे नुसतं पोचायलाच ६० मिलिसेकंद, आणि केबल सरळ रेषेत नसते, वर ॲपचा स्वतःचा वेळ. जाऊन-येऊन पाव सेकंद सहज होतो. द्रुत लयीत मिनिटाला २४० मात्रा धरल्या तर एक मात्राच २५० मिलिसेकंदांची, म्हणजे तुम्ही समेवर आलात आणि शिष्येची सम तुम्हाला एक मात्रा उशिरा ऐकू आली. तुम्ही गायचं, मग तिने गायचं, असंच शिकवावं लागतं.

डॉक्टरांना स्वतःचंच ॲप लागतं असा नियम आहे का?

नाही. २५ मार्च २०२० ला टेलिमेडिसिनच्या गाइडलाइन्स आल्या, त्यात अमुक एक ॲपच वापरा असं नाहीये, व्हिडिओ, ऑडिओ, मेसेज सगळं चालतं. पण पेशंटची ओळख, संमती, नोंदी सांभाळणं आणि कोणती औषधं अशा कन्सल्टेशनवर लिहायची नाहीत हे सगळं आहे. म्हणजे नियम पण कॉलच्या आधीचं आणि नंतरचंच बघतो. सरकारने स्वतः ई-संजीवनी बनवलं, मोहालीच्या सी-डॅकने, त्याची घरबसल्या ओपीडी एप्रिल २०२० मध्ये सुरू झाली, तिथे टोकन, रांग, ई-प्रिस्क्रिप्शन हे सगळं कॉलभोवती विणलेलं आहे. स्वतःचं बनवायचं असेल तर आधी एकदा ते पेशंट म्हणून वापरून बघा, डोक्यात बरंच स्पष्ट होईल.

आमची एनबीएफसी (बँक नसलेली फायनान्स कंपनी) आहे, व्हिडिओ केवायसी, म्हणजे व्हिडिओ कॉलवर ग्राहकाची ओळख तपासणं, करायचंय. झूमवर चालेल?

अजिबात नाही. इथे मात्र निवडायला जागाच नाही. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये व्हिडिओ केवायसीला परवानगी दिली आणि मे २०२१ मध्ये नियम अजून नीट केले. यंत्रणा तुमच्या ताब्यातली, कॉल तुमच्याच सुरक्षित डोमेनवरून निघालेला, रेकॉर्डिंगवर ग्राहकाचं जीपीएस लोकेशन आणि तारीख-वेळ, समोरचा माणूस जिवंत आहे का फोटो धरलाय याची तपासणी, हे सगळं हवं. याच कामासाठी बनवलेलं सॉफ्टवेअर विकत घ्या किंवा बनवून घ्या, आणि सही करायच्या आधी कम्प्लायन्सवाल्या माणसाला रिझर्व्ह बँकेच्या केवायसी मास्टर डायरेक्शनमधला तो भाग ओळ न् ओळ वाचायला लावा.

स्वतःचं बनवलेलं जास्त सेफ असतं ना? झूमवर तर बंदी आली होती.

बंदी नव्हती. एप्रिल २०२० मध्ये गृह मंत्रालयाने सूचना काढली की झूम सुरक्षित नाही, सरकारी कामाला वापरू नका, आणि इतरांनी वापरायचं तर पासवर्ड, वेटिंग रूम अशी काळजी घ्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये झूमने एंड-टू-एंड एन्क्रिप्शन आणलं, म्हणजे मधल्या सर्व्हरलाही कॉल उघडता येत नाही, पण ते स्वतः चालू करावं लागतं आणि चालू केल्यावर क्लाउड रेकॉर्डिंगसारख्या काही सोयी बंद होतात.

आता तुमच्या सर्व्हरचं बोलू. वेबआरटीसीमध्ये रस्त्यात कोणी ऐकू शकत नाही, ते एन्क्रिप्ट असतंच. पण मधल्या एसएफयू सर्व्हरवर, वेगळी सोय केली नसेल तर, ते उघडं होतं. म्हणजे ज्याच्याकडे सर्व्हरची चावी, त्याला सगळं मिळू शकतं. तो कोण आहे? त्याने सर्व्हर शेवटचा कधी अपडेट केला? रेकॉर्डिंगच्या फोल्डरची लिंक कोणालाही उघडते का? माझ्याकडे एक काम आलं होतं, आधीच्याने बनवून दिलेलं, त्यात सगळ्या मुलांच्या क्लासची रेकॉर्डिंग लिंकमधला नंबर बदलला की कुणालाही दिसत होती. लहान मुलांचे चेहरे, घरं, आईची हाक, सगळं. ते बघून मला दोन दिवस जेवण गेलं नाही. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे, त्यात दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो, पण दंडाचं सोडा हो, लोकांनी विश्वासाने मुलं समोर बसवली होती.

सांभाळायला कायमचा माणूस नसेल तर तयार ॲप जास्त सेफ, हे माझं ठाम मत आहे.

भारतीय काही नाही का?

आहे. २०२० मध्ये केंद्र सरकारने व्हिडिओ कॉन्फरन्सिंगची स्पर्धाच लावली होती, ती केरळच्या आलप्पुळातल्या टेकजेन्शिया कंपनीने जिंकली, एक कोटीचं बक्षीस, प्रॉडक्टचं नाव व्हीकन्सोल. मला ती गोष्ट आवडते कारण ती कंपनी स्पर्धा निघायच्या आधीपासून वर्षानुवर्षं व्हिडिओचंच काम करत होती. चार महिन्यांत शून्यातून झालेलं नव्हतं ते.

जिटसीची फुकट लिंक आमच्या वेबसाइटमध्ये घातली तर?

पूर्वी लोक करायचे. ऑगस्ट २०२३ पासून त्यांच्या सार्वजनिक साइटवर मीटिंग सुरू करणाऱ्याला लॉगिन लागतं. दुसऱ्याच्या फुकट सर्व्हरवर आपला धंदा उभा करू नका. जिटसी घ्यायचंच तर आपल्या सर्व्हरवर चढवा.

ज्या कंपनीचं घेतलं तीच बंद पडली तर?

पडते ना. स्काइप २००३ मध्ये आलं, एके काळी परदेशी असलेल्या मुलाशी बोलायचं म्हणजे स्काइपच होतं, आणि मे २०२५ मध्ये बंद झालं. एसडीकेवाल्यांचं पण तेच, ट्विलिओने डिसेंबर २०२३ मध्ये व्हिडिओ बंद करतोय म्हणून जाहीर केलं, लोकांनी धावपळ करून दुसरीकडे नेलं, आणि २०२४ मध्ये त्यांनी निर्णय मागे घेतला. तोपर्यंत ज्यांना खर्च झाला त्यांना झाला.

म्हणून डेव्हलपरला पहिल्याच दिवशी सांगा, कॉलचा सगळा कोड एका जागी ठेव, ॲपभर पसरवू नकोस. कॉल सुरू कर, बंद कर, माइक, कॅमेरा, एवढीच दारं ठेवायची आणि त्यामागे आज एक कंपनी, उद्या दुसरी. अपॉइंटमेंट, फी, रेकॉर्ड तुमच्या डेटाबेसमध्ये राहिले की कॉलची कंपनी बदलणं दोन-तीन आठवड्यांचं काम असतं, नाहीतर सहा महिने.

आमचे विद्यार्थी गावाकडचे आहेत, नेट जेमतेम. त्यांच्यासाठी काय चांगलं?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, आणि खरं तर हाच पहिला विचारायला पाहिजे. दिवसाला दीड जीबीचा पॅक असलेल्या मुलाला ४५० एमबीचे तीन तास म्हणजे पॅक संपला, आणि तोच फोन घरात आई पण वापरते. इतरांचे कॅमेरे बंद ठेवा, फळ्याचा स्क्रीन शेअर ठेवा, सरांचा चेहरा सुरुवातीला आणि शेवटी दाखवला तरी पुरतो. चित्र अडकलं तर चालतं, आवाज तुटला की शिकवणं संपलं, त्यामुळे नेट कमी झालं की आधी व्हिडिओ कमी होऊन आवाज टिकला पाहिजे. मोठी तयार ॲप हे आपोआप करतात. बनवून घेत असाल तर सिमलकास्ट आहे का विचारा, म्हणजे एकाच व्हिडिओच्या दोन-तीन दर्जाच्या प्रती वर जातात आणि ज्याचं नेट जसं तशी त्याला मिळते.

बनवून देणाऱ्याला पैसे द्यायच्या आधी काय बघू?

त्याच्या ऑफिसात डेमो बघू नका. तुमच्या सगळ्यात लांबच्या विद्यार्थ्याचा किंवा पेशंटचा फोन, त्याचंच सिमकार्ड, त्याच्याच घरून, संध्याकाळी सात ते नऊमध्ये, पूर्ण तासभर कॉल चालवून बघा. मध्ये त्याला एक साधा फोन लावा. वायफायवरून मोबाइल डेटावर जायला सांगा. मग कराराचं बोला. सर्व्हरचं अकाउंट, डोमेन, प्ले स्टोअरचं अकाउंट आणि सोर्स कोड हे चारही तुमच्या नावावर पाहिजेत, त्याच्या नाही. आणि लाँच झाल्यावर वर्षभर दुरुस्ती कोण आणि किती पैशांत करणार ते लेखी घ्या. यावर तो नाराज झाला तर दुसरा शोधा, आणि तो सापडेपर्यंत मीटची लिंक पाठवून काम चालू ठेवा.